बरोबरचं चिन्ह

बन्सीधर सोळंके सरांच्या वर्गात एका गुन्ह्याला माफी नव्हती. पोरगं उशिरा आलं, चालायचं. वही घरी राहिली, चालायचं. पाढा अडखळला तर सर स्वतः सोबत म्हणायचे. पण कुणी 'तीन अधिक चार बरोबर सात अधिक दोन बरोबर नऊ' अशी एका ओळीत आगगाडी जोडली, की सरांचा लाल पेन तिथंच थांबायचा. उत्तर नऊच आलेलं असायचं, तरी गुण शून्य.

"तीन अधिक चार म्हणजे सात अधिक दोन होतात का?" ते विचारायचे. "मग मधे हे चिन्ह कसं आलं? बरोबर म्हणजे 'मग पुढं' न्हाई. बरोबर म्हणजे तराजूची दोन पारडी. इकडचं तिकडं ठेवलं तरी काटा हलला नाही पाहिजे."

सेलूच्या त्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. कापूस बाजारात अडतीवर बसलेले त्यांचे जुने विद्यार्थी अजूनही कागदावर आकडेमोड करताना बरोबरची चिन्हं एकाखाली एक लावतात, असं लोक कौतुकानं सांगत. सरांना त्याचं कौतुक वाटत नसे. त्यात विशेष काय, असं त्यांना वाटे.

त्या वर्षी शाळेत आठवीला कोडिंग आलं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून काही कंप्युटर दिले, प्रयोगशाळेशेजारची खोली रंगवून झाली, आणि स्टेशन रोडवरच्या एका कंप्युटर क्लासमधून आठवड्यातून दोनदा शिकवायला एक मॅडम ठरल्या. संघप्रिया खंदारे. पाथरीकडच्या एका खेड्यातल्या शिक्षकाची मुलगी, परभणीत पदवी घेतलेली, वय पंचविशीच्या आसपास. आवाज बारीक, पण फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. बाहेरून येणाऱ्याच्या तासाला शाळेतला एक शिक्षक वर्गात बसलाच पाहिजे, असा संस्थेचा नियम होता. मुख्याध्यापक महारुद्र फड यांनी वेळापत्रक उघडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या तासाला सोळंके सर मोकळे होते. विषय तिथंच संपला.

सर मागच्या बाकावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसू लागले. तपासता तपासता कान फळ्याकडं असे. पहिले काही तास त्यांना वावगं काही वाटलं नाही. गुणाकाराला फुलीऐवजी चांदणी, भागाकाराला तिरपी रेघ. ठीक आहे, यंत्राच्या अडचणी असतात. टक्क्याचं चिन्ह घातलं की भागाकाराची बाकी तेवढी मिळते, हे ऐकून तर त्यांनी वही मिटली. "सतरा टक्के पाच बरोबर दोन" असं पोरं म्हणायला लागली तेव्हा त्यांनी फक्त एवढीच दुरुस्ती केली, की टक्के म्हणू नका, 'बाकी' म्हणा. बाकीला स्वतःचं चिन्ह मिळालं हे त्यांना मनापासून आवडलं होतं. आयुष्यभर तिला कोपऱ्यात लिहीत आलो, असं ते घरी बायकोला म्हणाले.

मग तो मंगळवार आला. मॅडमनी क्रिकेटचं उदाहरण घेतलं. फळ्यावर लिहिलं, x = 5. x म्हणजे झालेल्या धावा. आता एकेरी धाव निघाली, तर काय लिहायचं? मॅडमनी खाली सुंदर अक्षरात लिहिलं, x = x + 1.

मागच्या बाकाचा करकर आवाज झाला.

"मॅडम, एक मिनिट," सोळंके सर उभे राहिले होते. "लिहिताना चूक झाली का?"

मॅडमनी फळ्याकडं पाहिलं. "नाही सर. असंच लिहितात."

सर पुढं आले. आवाज चढवला नाही. त्यांची ती सवयच नव्हती. खडू घेऊन त्यांनी वर्गाला विचारलं, "दोन्ही बाजूंतून x वजा करा. डावीकडं काय राहिलं?"

"शून्य," वर्ग म्हणाला.

"उजवीकडं?"

"एक."

"शून्य बरोबर एक," सरांनी लिहिलं. पोरं हसली.

मॅडमचा चेहरा जरा लाल झाला. "सर, हे समीकरण नाहीये. ही कंप्युटरला दिलेली आज्ञा आहे. x हा डबा आहे, त्यात..."

"डब्यात वस्तू ठेवायला बरोबरचं चिन्ह कशाला लागतं?"

मॅडमना हे कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. "सगळीकडं असंच आहे सर," त्या म्हणाल्या.

"सगळीकडं आहे म्हणून चालायला हे काय लग्नातलं जेवण आहे का?" असं म्हणून सरांनी डस्टर उचललं आणि x = x + 1 पुसून टाकलं. शून्य बरोबर एक मात्र तसंच राहिलं. पहिल्या बाकावरची रेणुका, जिला कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली खपत नसे, हात वर करून म्हणाली, "सर, मग वहीत काय लिहायचं?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.

शुक्रवारी मॅडम आल्या नाहीत.

फड सरांनी सोळंक्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. फड सर गंगाखेडकडचे, माणूस मोकळा, पण कुणाशी वाकडं घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत हवापाण्याचं बोलत राहिले.

"सर, त्या क्लासवाल्यांकडं दुसरं माणूस न्हाई," शेवटी ते म्हणाले. "खंदारे मॅडम येणार नसल्या तर तास तुम्हाला घ्यावा लागंल."

"मी चुकीचं शिकवणार नाही."

"मग त्यांना घेऊन या. चूक कुणाची, हे मी विचारायलोय का?"

घरी त्यांच्या बायकोनं, राजेश्रीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. "तिनं काय तुमच्या वहीत लिहिलं होतं का?" त्या म्हणाल्या. "तिच्या फळ्यावर तिनं लिहिलं. तुमी कशाला पुसलं, ते पण लेकराईसमोर?"

"चूक होतं ते."

"असंल. पण पुसायच्या आधी बाहेर बोलवून विचारता आलं असतं की न्हाई?"

सरांना एवढंच कळत होतं, की जगात एवढे हुशार लोक हे यंत्र चालवतात, आणि त्यातल्या कुणालाच शून्य बरोबर एक खुपलं नाही, असं होणं अवघड आहे. हे त्यांना वर्गातच कळायला हवं होतं. ते तीन दिवस उशिरा कळलं.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी ते स्टेशन रोडला गेले. कापसाची वाहनं बाजाराकडं वळायला थांबलेली, त्यामुळं रस्ता तुंबला होता; सगळीकडं कापसाची धूळ. क्लास बी-बियाणांच्या एका दुकानावर होता. जिना चढून ते वर आले तेव्हा खंदारे मॅडम एकट्याच बसून कुठल्या तरी बॅचचे पेपर तपासत होत्या. उठून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली. पाणी दिलं.

"मला ते बघायचंय," सर म्हणाले. "मी स्वतः लिहून बघतो."

मॅडमनी एक कंप्युटर चालू केला आणि बाजूला झाल्या. सरांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत टाइप केलं, x = x + 1. पडद्यावर लाल अक्षरांत बरंच काही आलं.

"बघा. त्यालाही मान्य नाही."

"सर, तो म्हणतोय की x म्हणजे काय हे मला माहीत नाही. आधी x ला काही तरी द्या."

त्यांनी x = 5 लिहिलं. मग पुन्हा x = x + 1. या वेळी यंत्र गप्प राहिलं. x काय झालं ते विचारल्यावर त्यानं सांगितलं, 6. पुन्हा तीच ओळ दिली. 7.

सर खुर्चीत मागं टेकून बसले. खालच्या दुकानात कुणी तरी हरभऱ्याच्या बियाण्याची चौकशी करत होतं. मग ते पुढं झाले आणि त्यांनी तीच ओळ उलटी लिहिली: x + 1 = x. यंत्रानं पुन्हा लाल अक्षरं काढली.

"उलटं चालत नाही," ते म्हणाले.

"नाही सर. डावीकडं नाव लागतं. उजवीकडचं आधी काढतो, मग डावीकडच्या नावाला देतो."

"बरोबरी असती तर उलटं चाललं असतं. a बरोबर b असेल तर b बरोबर a असतंच. इथं नाही. म्हणजे ही बरोबरी नाहीच." सर आता मॅडमशी बोलत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. "चिन्ह तेच आहे, पण क्रिया निराळी आहे. देण्याची क्रिया. उजवीकडून डावीकडं."

"मी तेच सांगत होते."

"तुम्ही आज्ञा म्हणालात. आज्ञा आहे हे लेकरांनी कशावरून मानायचं? उलटं लिहून दाखवायचं. मग ते स्वतःच म्हणतील."

मॅडमनी मान हलवली. मग जरा पुढं वाकून म्हणाल्या, "सर, तुमची बरोबरी पण आहे यात. दोन चिन्हं जोडून लिहा."

सरांनी लिहिलं, x == x + 1. यंत्रानं एकच शब्द दिला: False. असत्य. सरांनी तो शब्द दोनदा वाचला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या यंत्राचं आणि त्यांचं एकाच गोष्टीबद्दल एकच मत होतं. त्यांनी 3 + 4 == 7 लिहिलं. True. 7 == 3 + 4 असं उलटं लिहिलं. True. मग 3 + 4 == 7 + 2 लिहिलं आणि उत्तर येण्याआधीच नकारार्थी मान हलवली.

निघताना ते दारात थांबले. "मी वर्गात पुसायला नको होतं."

"पुसलं त्याचं काही नाही सर," खंदारे मॅडम म्हणाल्या. आता त्यांच्या बोलण्यातली शाळेतली भाषा गळून पडली होती. "पण आता मी काही पण लिहिलं की लेकरं आधी मागं वळून तुमच्याकडं बघणार. तुमी मान हलवली तर लिहून घेणार. मी काय करू मग तिथं येऊन?"

सरांना हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. "या तुम्ही," एवढंच ते म्हणाले आणि जिना उतरले.

मंगळवारी मॅडम आल्या. सर मागं बसले आणि तासभर त्यांनी वहीतून डोकं वर काढलं नाही. पोरं मागं वळायची. सरांचं लक्षच नाही हे बघून पुन्हा फळ्याकडं बघायची. उलटी ओळ लिहून दाखवायची कल्पना मॅडमनी वापरली. रेणुकानं विचारलं, "देणं आणि बरोबरी निराळं आहे तर एकच चिन्ह का वापरलं?" मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी कंप्युटरची ही भाषा बनवली त्यांनी ठरवलं. दुसऱ्या काही भाषांत बाण असतो." आपल्या बारशाला आपल्याला कुणी विचारलं नव्हतं तरी नाव लागलंच ना, असंही त्या म्हणाल्या, आणि वर्ग हसला. सरांचा पेन एका वहीवर जरा थांबला, मग पुढं गेला.

दिवाळीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. रेणुकानं खंदारे मॅडमच्या मदतीनं एक प्रोग्राम केला. कंप्युटर दशांश अपूर्णांकांची बेरीज घालायचा, मुलानं उत्तर टाइप करायचं, आणि खाली 'बरोबर' किंवा 'चूक' असं यायचं. रेणुका तो महिनाभर पाचवीच्या पोरींवर घासून बघत होती. पाचवीच्या बाई खूश होत्या. पोरी पण रांग लावत.

प्रदर्शनाला जिल्ह्याहून शिक्षण खात्यातले एक साहेब आले. विजेशिवाय चालणारं कारंजं आणि ज्वालामुखी बघून झाल्यावर ते रेणुकाच्या टेबलापाशी थांबले. फड सर त्यांच्यामागं, खंदारे मॅडम बाजूला, सोळंके सर खिडकीशी. साहेबांनी खुर्ची ओढली. पडद्यावर आलं, 0.1 + 0.7. साहेबांनी 0.8 टाइप केलं.

'चूक', असं आलं.

साहेब हसले, त्यांना वाटलं बोट घसरलं. रेणुकानं तेच गणित पुन्हा आणलं. साहेबांनी पुन्हा 0.8 टाइप केलं. पुन्हा 'चूक'. आता आजूबाजूची माणसं जवळ सरकली.

"पोरी, तुझ्या कंप्युटरला पाचवीत बसव," साहेब म्हणाले. लोक हसले. रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मॅडमकडं बघत होती. मॅडमनी प्रोग्राम उघडून ओळ वाचली. ओळ सरळ होती: उत्तर, दोन बरोबर, a + b. तिच्यात चूक नव्हती. मॅडमनी खाली फक्त 0.1 + 0.7 लिहून यंत्राला विचारलं. यंत्रानं दिलं, 0.7999 आणि त्यापुढं नवांची लांबलचक शेपटी.

"असं होतं कधी कधी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "दशांशात थोडं इकडं-तिकडं होतं. मी ऐकलंय."

"का होतं?" साहेबांनी विचारलं.

मॅडमनी पडद्यावरची नवांची शेपटी पुन्हा वाचली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. एकेक करून सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. फड सरांचीसुद्धा.

"मला माहीत नाही," सोळंके सर म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून त्या शाळेत कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांना त्याचं काही विशेष नव्हतं. ते पुढच्या टेबलाकडं गेले. गर्दी पांगली. तेव्हा पाचवीतली साक्षी नावाची एक मुलगी रेणुकाजवळ येऊन म्हणाली, "ताई, मला पण हेच आलतं. शून्य पॉइंट आठ. मला पण चूक आलतं."

"मग सांगितलं का नाहीस?" सरांनी विचारलं.

साक्षीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही प्रश्नच चमत्कारिक होता. "मला वाटलं माझंच चुकलं. मग मी पॉइंट सात टाकून बघितलं, पॉइंट नऊ पण टाकून बघितलं."

चौकशी केल्यावर कळलं, की असं आणखी कितीतरी पोरींचं झालं होतं. कुणाला पॉइंट एक अधिक पॉइंट सातला, कुणाला पॉइंट दोन अधिक पॉइंट चारला. बाकीची गणितं बिनचूक चालत होती, आणि म्हणूनच कुणालाच शंका आली नव्हती. एकीला तर बाईंनी पाढे पाठ करायला लावले होते.

सरांना ती गोष्ट फार लागली. पण त्यांना लागलं म्हणजे ते बसून काम करत. पुढचे काही दिवस ते मधल्या सुट्टीत कंप्युटरच्या खोलीत जाऊन मॅडमना विचारत, हा आकडे ठेवतो कसे? मॅडमना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. आत सगळं दोनाच्या हिशोबात असतं. एक आणि शून्य. पूर्ण संख्या सरळ बसतात. अपूर्णांक अर्ध्यानं, पावानं, आठव्या हिश्श्यानं बसवतात.

"फक्त अर्धं करत जायचं?" सरांनी विचारलं. "पाचानं, दहानं भागायचं नाही?"

"नाही सर. अर्धं, त्याचं अर्धं, त्याचं अर्धं."

त्या संध्याकाळी जेवताना सर भाकरी हातात घेऊन बसून राहिले. ज्वारीची होती, नुकती तव्यावरून उतरलेली.

"गार व्हायली," राजेश्रीबाई म्हणाल्या.

"ह्या भाकरीचा दहावा हिस्सा करता येतो का? पण फक्त अर्धं मोडत मोडत."

राजेश्रीबाईंनी दुसरी भाकरी घेतली, कारण त्यांना माहीत होतं की त्याशिवाय जेवण पुढं सरकणार नाही. मोडली. अर्धी. पुन्हा मोडली. चतकोर. पुन्हा. नितकोर. "हा आठवा हिस्सा," त्या म्हणाल्या. "दहाव्यापेक्षा मोठा झाला." आणखी एकदा मोडून त्यांनी सोळावा तुकडा वेगळा काढला. "हा लहान झाला. आता ह्याला जोड पाहिजे."

"जोड काय देशील?"

"ह्याचं अर्धं." त्यांनी बत्तिसावा तुकडा जोडून ठेवला. "अजून कमी हाय थोडं. पण आता ह्याच्या अर्ध्याची जोड दिली तर जास्त होतंय."

सरांनी ताट सरकवलं आणि कागद घेतला. बत्तिसाव्यानंतरचे दोन तुकडे मोठे होत होते, ते सोडायचे. त्यापुढचे दोन लहान, ते घ्यायचे. मग दोन सोडायचे. मग दोन घ्यायचे. दोन घ्या, दोन सोडा. कागदाच्या तळापर्यंत ते तसंच चालत गेलं, आणि त्यांना कळलं की ते पुढंही तसंच जाणार, जसं एकाला तिनानं भागताना तीन तीन तीन येत राहतात. दहावा हिस्सा अर्ध्यांच्या हिशोबात कधी संपतच नव्हता. यंत्राकडची जागा मात्र संपत होती. मग ते कुठं तरी तोडून टाकत होतं आणि तोडलेल्या तुकड्यांची बेरीज करत होतं.

"भाकरीचा दहावा भाग होतच नाही मग?" राजेश्रीबाईंनी विचारलं.

"अर्ध्यानं मोडत गेलं तर कधीच नाही."

"तरीच," त्या म्हणाल्या, "आमच्या सासरी वाटणीला आठ न्हाई तर सोळा तुकडे करायचे. जेवा आता."

सासर म्हणजे हेच घर, हे सरांच्या लक्षात आलं, पण ते जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद खंदारे मॅडमसमोर ठेवला. मॅडमनी तो शांतपणे वाचला, मधे एका ठिकाणी बोट ठेवून मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. "हे मला कॉलेजात शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "परीक्षेत लिहिलंही होतं. पण हे आणि तो साहेबांचा 'चूक' एकच आहे, हे आत्ता कळलं." मग कागद परत करत म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्हीच घ्या सर हा तास."

"तास तुमचा आहे."

"शोधलं तुम्ही."

"भाकरी बायकोनं मोडली," सर म्हणाले. "तास तुमचा आहे."

शुक्रवारी मॅडमनी भाकरी आणली नाही. त्यांनी कागदाच्या लांब पट्ट्या आणल्या, प्रत्येक बाकाला एक, आणि पोरांना अर्धं फाडत दहावा भाग करायला लावलं. वर्गात कागदाचा कचरा झाला. कोणालाच जमलं नाही, आणि का जमत नाही हे शेवटी फळ्यावर मॅडमनी मांडलं: दोन घ्या, दोन सोडा. त्यांच्या मांडणीत एक पायरी सरांच्या कागदापेक्षा सोपी झाली होती. सरांनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

"मग माझा प्रोग्राम दुरुस्त कसा करायचा?" रेणुकानं विचारलं.

"दोन बरोबर काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही आकड्यांतला फरक काढ. फरक अगदी बारीक असेल तर 'बरोबर' म्हण." त्यांनी लहान-मोठेपणाचं चिन्ह घालून एक ओळ लिहिली. फरक दहा हजाराव्या भागापेक्षा लहान, तर बरोबर.

मागचा बाक करकरला. मॅडमनी खडू खाली ठेवला आणि थांबल्या.

सर बसूनच राहिले होते, फक्त हात वर केला होता, पोरांसारखा. मॅडमनी मान हलवल्यावर ते म्हणाले, "जवळपास बरोबर म्हणजे बरोबर का?"

"यंत्रापुरतं, हो."

"मग उद्या कुणी पोरगं पॉइंट आठच्या जागी पॉइंट आठ शून्य शून्य शून्य शून्य एक लिहील. ते पण बरोबर?"

"पाचवीचं कोण लिहिणार सर?"

"लिहिलं तर?"

"तर त्याला मी स्वतः पेढा देईन," मॅडम म्हणाल्या. वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत, पण त्यांचा रागही दिसला नाही. त्यांनी सुचवलं की दशांश काढूनच टाकावेत. सगळं दहापट करून पूर्ण संख्येत ठेवावं, एक अधिक सात, आठ. आणि दाखवताना तेवढं टिंब द्यावं. मग दोन बरोबर जसंच्या तसं राहतं आणि कुठंही काही तोडावं लागत नाही. मॅडम म्हणाल्या, ते चालेल, पण त्यासाठी उत्तर वाचायची सगळी रीत बदलावी लागेल. सर म्हणाले, बदलावी. मॅडम म्हणाल्या, उद्या शतांश आले की पुन्हा बदलावी लागेल. सर म्हणाले, तेव्हा शंभरपट करावी. पोरं टेनिसचा सामना बघितल्यासारखी इकडून तिकडं माना फिरवत होती.

रेणुकानं दोघांचं ऐकून घेतलं आणि मॅडमची रीत घेतली, कारण ती एका ओळीत बसत होती आणि तिला मधल्या सुट्टीत पाचवीच्या वर्गात जायचं होतं. खोलीतून बाहेर पडताना सर मॅडमना म्हणाले, की रविवारी वेळ असेल तर घरी या, दहापटीची रीत मी करून ठेवतो, तुम्ही ती मोडून दाखवा.

"येते," मॅडम म्हणाल्या. "पण सकाळी. दुपारी माझी बॅच असते."